तिसरं पाणी

आमच्या वन्सं घाबरल्या की त्यांना उचकी लागते. साधीसुधी नाही, खांदे उडतात, हातातला पेला हिंदकळतो. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात मी भाबडेपणानं म्हणाले होते, "वन्सं, कोणीतरी तुमची आठवण काढतंय." तर आमचे हे आतून ओरडले, "आठवण-बिठवण कोणी काढत नाहीये. उद्या कारखान्यात तपासणी असेल!" आणि खरंच होती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच वरच्या खोलीत राहतात. मी सांगतेय ते घडलं तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या, आणि एकोणीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच खिडकीशी बसून काम करत होत्या. यातलं बरंचसं मी संध्याकाळी भाजी निवडताना त्यांच्याच तोंडून ऐकलंय. काही नंतर पैलवानाकडून कळलं. तो कोण ते पुढे येईलच.

कारखाना लहान. चौदा माणसं, पत्र्याची एक लांब शेड, मधे फरशीचं अंगण, पलीकडे तपासणीची खोली. तिथे कोंड्यावर बुरशी वाढवतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शिसारी आली होती. आपण डब्यातल्या कोंड्याला बुरशी दिसली की नाक मुरडून फेकून देतो, आणि ही माणसं ती मुद्दाम लावतात! गव्हाचा कोंडा आणि रस काढून उरलेला फळांचा चोथा एकत्र वाफवायचा, गार झाला की त्यावर बुरशीचं बी शिंपडायचं, मग पसरट ट्रेमधे थर देऊन दमट, उबदार खोलीत ठेवायचं. चार दिवसांत त्यावर पांढरी लव येते. चोथा पचवण्यासाठी ही बुरशी आपल्या अंगातून एक पदार्थ सोडते. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात, कारखान्यात सगळे एन्झाइमच म्हणतात. फळांच्या गढूळ रसात ते थेंबभर टाकलं की रस नितळ होतो. रसाचे कारखाने ते पिंपांनी घेतात.

पण ते असतं कोंड्यात अडकलेलं. बाहेर काढायचं म्हणजे कोंडा गार पाण्यात भिजवायचा, कापडी पिशव्यांत भरून दाबायचा, निघालेला चहासारखा तपकिरी अर्क गाळायचा, आणि मग एका यंत्रातून फिरवत त्यातलं जास्तीचं पाणी काढून टाकायचं. या सगळ्याला कारखान्यात 'काढणी' म्हणत. बुरशी आपली आपण वाढते, वन्सं सांगायच्या, खरी कसोटी काढणीत. एन्झाइम फार नाजूक. पाणी कोमट झालं, गेलं. वेळ जास्त लागला, गेलं. फेस झाला तरी गेलं.

"तुझ्याच वळणावर गेलंय, ताई," आमचे हे म्हणायचे.

काढणी मास्तरांकडे होती. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते, पण आवाज तसा होता. काढणीच्या खोलीचं दार ते सदा बंद ठेवत, आतला गारवा जाऊ नये म्हणून आणि कोणी मधे तोंड घालू नये म्हणूनही. त्यांच्या हाताखाली एकच माणूस, पिशव्या भरून दाबयंत्राचं चाक फिरवणारा पैलवान. हे नाव त्याला कोणीतरी थट्टेनं दिलं होतं. माणूस काडीसारखा, वारा आला तर धरून ठेवावं लागेल असा. मास्तर त्याच्यावर दिवसभर खेकसायचे आणि तो निमूट चाक फिरवायचा. वन्संचा त्या खोलीशी संबंध एवढाच की रोज दुपारी पैलवान अंगण ओलांडून यायचा आणि शेवटच्या पिंपातली एक बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून जायचा. त्या तिची ताकद मोजून वहीत लिहायच्या. कोंड्यात शंभर असेल तर मास्तरांच्या बाटलीत ऐंशी-पंच्याऐंशी ठरलेले. एकोणीस वर्षं.

त्या सोमवारी सकाळी वन्सं कपडे बदलायच्या खोलीबाहेर हात धूत होत्या. मास्तर बाकावर बसून रबरी बूट घालत होते. डावा घातला. उजवा काही केल्या जाईना. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बाई, हा बूट लहान झालाय." वन्संना हसू आलं. मग त्यांनी बघितलं की मास्तरांचं तोंड एका बाजूला उतरलंय, आणि पाय बुटात नाही, बुटाच्या शेजारी फरशीवर आपटतोय.

त्यांनी हाका मारल्या, माणसं धावली, गाडी आली. वेळेत पोचवलं म्हणून मास्तर वाचले. पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. तो बूट लहान झालाय, हेच त्यांचं शेवटचं अख्खं वाक्य.

दुपारी मालकांनी वन्संना बोलावलं. मालक चाळिशीचे, वडिलांनी काढलेला कारखाना सांभाळणारे. तसे भले, पण घाईचे.

"बाई, काढणी आता तुम्ही बघा."

"मी? मी मोजणारी आहे, साहेब. मी कधी तिकडे..."

"मोजणाऱ्यालाच तर कळतं काय चुकतंय. पद्धत फाइलीत आहे सगळी. हंगाम तोंडावर आलाय. दुसरं कोण आहे मला?"

वन्संनी उचकी दाबून मान डोलावली.

त्या संध्याकाळी घरी आल्या त्या फाइल छातीशी धरूनच. जेवताना फाइल ताटाशेजारी. मी म्हटलं, "अहो वन्सं, दोन घास सुखानं खा." तर म्हणाल्या, "यात सगळं लिहिलंय गं. एक भाग कोंडा, सहा भाग पाणी, एक तास भिजवा, दाबा, गाळा. सोपं आहे. सोपंच आहे ना?" मी काय सांगणार? मी म्हटलं, सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काढणीचं दार उघडलं आणि आत शिरताच नाकाला रुमाल लावला. खोली धुतलेली होती, पण शेजारच्या शीतखोलीत एक मोठं पिंप होतं, तोंडापर्यंत तपकिरी पाण्यानं भरलेलं. झाकणावर ना तारीख ना चिठ्ठी. वास आंबूस. एकोणीस वर्षं बाटल्या उकळून घेणाऱ्या बाई त्या. शिळं पाणी काढणीशेजारी म्हणजे अर्कात भलतेसलते जंतू, आणि जंतू शिरले की अख्खा माल वाया.

"हे आधी फेका," त्या पैलवानाला म्हणाल्या. "पिंप उकळत्या पाण्यानं धुवा. आणि आजपासून फाइलीत लिहिलंय तसंच करायचं. तसंच. कळलं?"

पैलवान क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, "बरं, बाई." आणि पिंप मोरीत ओतलं.

पहिल्या आठवड्यात शंभरातले एकसष्ट आले.

वन्संना वाटलं मोजण्यातच चूक झाली. पुन्हा मोजलं. एकसष्ट. दुसऱ्या खेपेला अठ्ठावन्न. कोंड्यात तर ताकद होती, ट्रे उत्तम वाढले होते, वाढवणारी माणसं खुशीत होती. मधेच कुठेतरी ते नाहीसं होत होतं. पाणी काढून टाकणारं यंत्र पूर्वी दुपारच्या चहापर्यंत बंद व्हायचं, ते आता संध्याकाळी सुटायच्या वेळेलाही घरघरत असायचं. त्याच्या नळीला हात लावला की गरम लागायची. वन्सं नळीवर ओली फडकी गुंडाळायच्या, बर्फ आणून बांधायच्या. बर्फ वितळायचा, फडकी सुकायची, यंत्र चालूच.

पैलवान बघत असायचा. काही विचारायचा नाही. आणि वन्संही त्याला काही विचारायच्या नाहीत. "त्याला काय विचारू?" त्या मला म्हणाल्या. "कालपर्यंत मी त्याला बाटलीवर तारीख नीट लिहीत जा म्हणून ऐकवत होते. आज त्यालाच विचारू की बाबा रे, काढणी कशी करतात? अंगणभर होईल. बाईंना येत नाही म्हणून."

घरात आम्हालाही चैन पडेना. वन्सं जिन्यावर मधेच थांबायच्या आणि तशाच उभ्या राहायच्या. हातात दुधाचं भांडं असेल तर ते तसंच. एकदा मी बघितलं, त्या वाण्याच्या बिलामागे आकडे लिहून खोडत होत्या: एकसष्ट, अठ्ठावन्न, सत्तावन्न. उचक्यांचं तर विचारूच नका. आमच्या ह्यांनी थट्टा करणं सोडून दिलं, त्यावरूनच काय ते समजा.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मालकांनी पुन्हा बोलावलं. रसाच्या कारखान्यानं पहिली दोन पिंपं परत पाठवायची भाषा केली होती. त्यांची तपासनीस बाई पुढच्या शुक्रवारी स्वतः येणार होती, आपला रस घेऊन, समोर बसून बघायला.

"ते गेले तर दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक नाही आपल्याकडे," मालक म्हणाले. पुढचं ते बोलले नाहीत. चौदा माणसं. ट्रे धुणाऱ्या दोघी बहिणी, वाफेच्या भांड्यावरचा म्हातारा, पैलवान. वन्संनी मला ते चौदा जण बोटांवर मोजून दाखवले. चौदाव्या त्या स्वतः.

शनिवारी वन्सं मास्तरांकडे गेल्या. एकट्या जायचा धीर होईना म्हणून मला बरोबर घेतलं. मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत मास्तर, मांडीवर घडी केलेलं पांघरूण. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस पिशवीतली हवा जावी तसा खाली बसला होता. डोळे मात्र पूर्वीचेच.

"ओळखतात सगळ्यांना," मास्तरांच्या बायको, म्हणजे काकू म्हणाल्या. "कळतंही सगळं. पण तोंडातून एकच शब्द निघतो. चहा हवा का विचारलं तरी तोच, डॉक्टर आले तरी तोच."

"कोणता?"

मास्तरांनी वन्संकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या."

वन्सं खुर्चीसमोर खाली जमिनीवरच बसल्या. पिशवीतून दोन बाटल्या काढल्या, एक जुनी, मास्तरांच्या हातची, एक नवी. उजेडात धरल्या. नवी केवढी फिकी! "मास्तर, माझ्याच्यानं होत नाहीये. फाइलीत आहे तसं करते, तरी निम्मं जातंय. काय चुकतंय? तुम्ही काय करत होता?"

मास्तरांनी नवी बाटली डाव्या हातात घेतली, वास घेतला आणि त्यांचा चेहरा तापला. बाटली त्यांनी वन्संच्या मांडीवर जवळजवळ टाकलीच. मग डावा हात वर करून तीन बोटं दाखवली.

"तीन?" वन्सं म्हणाल्या. "तीन काय? तीन भाग पाणी? तीन पिशव्या?"

"उद्या," मास्तर म्हणाले. बोटं हलवली. "उद्या! उद्या!"

"तीन तास? तीन तास भिजवायचं?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. कपाळाची शीर ताडताड उडत होती. काकू पुढे झाल्या. "पुरे आता, बाई. त्रास होतो त्यांना."

जिना उतरताना वन्सं म्हणत होत्या, "तीन तास. तासभर पुरत नसणार, आत अडकून राहत असणार. त्यांनी नाही म्हटलं नाही ना? तू बघितलंस ना? नाही म्हटलं नाही." मी म्हटलं, "वन्सं, त्यांना नाही म्हणताच येत नाहीये." ते त्यांच्या कानापर्यंत गेलं नाही.

सोमवारी त्यांनी तीन तास भिजवलं. मंगळवारी सकाळी मोजलं. चव्वेचाळीस. वर अर्काला आंबट वास. बुरशीबरोबर इतरही काही त्या पाण्यात तीन तास सुखानं वाढलं होतं, आणि कोंड्यातलाच एखादा पदार्थ एन्झाइम खात बसला होता.

काढणीच्या खोलीत दाबयंत्राच्या पायरीवर वन्सं बसल्या आणि उचकी लागली, अशी की श्वास घेता येईना. पैलवान पिशव्या झटकत होता. त्यानं पिशवी टाकली, पेलाभर पाणी आणलं आणि त्यांच्यासमोर धरून उभा राहिला.

"घोट घोट घ्या, बाई."

दोन घोटांमधे वन्संच्या तोंडून निघून गेलं. "मास्तरांनीच दाखवलं होतं. तीन बोटं. मी तीन तास केले. अजून काय तीन असणार?"

पैलवान म्हणाला, "तिसरं पाणी."

"काय?"

"तीन बोटं म्हणजे तिसरं पाणी. मास्तर रोज दाखवायचे ना, यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून. तीन बोटं, आणि मग ओरडायचे, उद्या! म्हणजे तिसरं पाणी उद्याला ठेव."

मग पैलवानानं हळूहळू, मधे मधे दाराकडे बघत सांगितलं. मास्तर एकदम सहा भाग पाणी कधीच घालत नसत. दोन दोन भाग, तीनदा. आज पिकलेल्या कोंड्याला पहिलं पाणी द्यायचं ते कालचं शिळं. भिजवायचं, दाबायचं. मग त्याच दाबलेल्या कोंड्यावर तेवढंच ताजं गार पाणी, पुन्हा दाबायचं. ही दोन पाणी पुढे यंत्रात. मग तिसऱ्यांदा ताजं पाणी घालून शेवटचं उरलंसुरलं धुऊन घ्यायचं. ते असतं अगदी हलकं, यंत्रात टाकण्याच्या लायकीचं नाही, पण फेकायचंही नाही. ते शीतखोलीतल्या पिंपात. दुसऱ्या दिवशी तेच पहिलं पाणी.

वन्संना सगळं लख्ख कळलं. अर्क दाट निघाला की यंत्राला काढून टाकायला पाणीच कमी. ते दोन-अडीच तासांत थांबतं, तापत नाही. त्या मात्र सहा भाग पाण्यात सगळं पातळ करून दिवसभर यंत्रात फिरवत, शिजवत बसल्या होत्या. आणि शीतखोलीतलं ते पिंप...

"ते मी फेकायला लावलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

पैलवान फरशीकडे बघत म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या, बाई. मला वाटलं नवीन पद्धत आणली असेल. तुम्ही म्हणालात, फाइलीत आहे तसंच. आणि मास्तरांना मी पहिल्या वर्षी एकदा सांगायला गेलो होतो, हे असं केलं तर, म्हणून. दोन दिवस त्यांनी मला खोलीत घेतलं नाही. तेव्हापासून कोणी विचारल्याशिवाय मी बोलत नाही."

वन्सं मला म्हणाल्या की त्या क्षणी त्यांची उचकी थांबली होती, आणि त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. कारण हातात मंगळवार, बुधवार आणि गुरुवार एवढेच होते.

आधी त्या मालकांकडे गेल्या. वाटेत अंगणात दोनदा थांबल्या. मालकांच्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं: पिंप फेकलं ते, तीन आठवडे कोणाला विचारलं नाही ते, तीन तास ते. मालक पेन उघडझाप करत ऐकत होते.

"पैलवान रोज तुमच्या शेजारी उभा होता?"

"हो."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

"तीन आठवड्यांचा माल, बाई!" त्यांचा आवाज चढला आणि बाहेर ट्रे धुण्याचा आवाज थांबला. मग ते स्वतःच खाली आले. "फाइलीत का नाही लिहिलं त्यांनी? एवढी वर्षं? बरं, शुक्रवारपर्यंत जमेल?"

"माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार मालकांना त्यांनी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर.

खरी धाकधूक पुढेच होती, कारण हे चक्र एका दिवसात फिरत नाही. मंगळवारी कालचं पाणीच नव्हतं. तिन्ही वेळा ताजं पाणी घालून तिसरं तेवढं राखून ठेवलं. आणि ते राखणंही वन्संना झेपेना. शिळ्या पाण्याबद्दल त्यांच्या मनात बसलेली भीती खोटी नव्हती. जंतू होतातच. मास्तर नाकानं ओळखायचे. यांचं नाक तसं नव्हतं. त्यांनी शीतखोलीत तीन तापमापक टांगले. सुटायच्या वेळी पिंपातलं थोडं पाणी घेऊन तपासलं, सकाळी येताच पुन्हा तपासलं. पैलवान म्हणाला, "मास्तर एवढं नव्हते करत." वन्सं म्हणाल्या, "मास्तर मास्तर होते." सुट्टीनंतरचं पाणी मास्तर स्वतःही फेकून द्यायचे, हे त्यानं तेव्हा सांगितलं. वन्संना तेवढ्यानंही बरं वाटलं.

बुधवारी सकाळी त्या आमच्या घरातून इतक्या लवकर निघाल्या की चपला दोन वेगवेगळ्या घातल्या. पहिलं पाणी मंगळवारचं, मग ताजं, मग ताजं. पैलवान चाक फिरवत होता आणि वन्सं घड्याळ आणि तापमापक यांच्यामधे येरझाऱ्या घालत होत्या. एकदा त्यांनी घाईत सांगितलं, "अजून आवळा." तो थांबला. पूर्वीसारखा नुसता बरं म्हणाला नाही. "अजून आवळलं तर पीठ निघतं, बाई. गाळणी तुंबते." त्यांनी हात मागे घेतला. यंत्र अडीच तासांत थांबलं. नळी गारच होती. बाटलीत बहात्तर.

गुरुवारी ऐंशी.

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. ठेंगण्या, चष्म्याला दोरी बांधलेली, बरोबर बर्फाच्या पेटीत त्यांचा रस. फारसं बोलत नव्हत्या, आणि न बोलणाऱ्या माणसापुढे वन्संची अवस्था जास्त बिकट होते. सात काचेच्या नळ्यांत गढूळ रस भरला, प्रत्येकीत वेगळ्या पिंपातला थेंब. कोमट पाण्याच्या भांड्यात सगळ्या ओळीनं उभ्या केल्या. वन्संनी सोमवारचा आंबट अर्कही ठेवला होता. मालक त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले होते, "तो कशाला?" त्या म्हणाल्या, "पिंपावर तारीख आहे, साहेब. त्या विचारतील."

तासभर बघत बसायचं. वीस मिनिटं काहीच हललं नाही. वन्संनी उचकी येऊ नये म्हणून जीभ टाळूला लावून धरली होती, असं पैलवान सांगतो. तो दाराबाहेर बादली धुण्याच्या निमित्तानं उभा होता आणि एकच बादली धूत होता. पंचविसाव्या मिनिटाला गुरुवारच्या नळीत वरचा भाग पातळ झाला, गाळ धाग्यांसारखा खाली उतरायला लागला. चाळिसाव्या मिनिटाला ती नळी नितळ. तिच्यापाठोपाठ बुधवारची. बाकीच्या गढूळच. सोमवारची तर होती तशीच.

तपासनीस बाईंनी चष्मा पुसला. "या दोन चालतील. बाकीची सगळी पिंपं परत." मग सोमवारची नळी वर धरून विचारलं, "हे काय झालं होतं?"

वन्संनी सांगितलं. अगदी सगळं. सांगता सांगता उचकी आलीच, आणि तपासनीस बाई पहिल्यांदा हसल्या. पण सवलत काही दिली नाही. त्या हंगामात त्यांनी निम्मीच पिंपं घेतली, उरलेली दुसरीकडून. कारखाना आठवड्यातले दोन दिवस बंद राहू लागला. कोणाला काढलं नाही, पण वाफेच्या भांड्यावरचा म्हातारा आपणहून घरी बसला. तो का बसला हे वन्संनी त्याला विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. ती गोष्ट अजून त्यांना खाते. पुढच्या हंगामात तपासनीस बाईंनी पूर्ण माल घेतला, तोवर मात्र आमच्या घरात कोणी जोरात पेला ठेवला तरी वन्सं दचकायच्या.

मास्तरांकडे त्या पुन्हा गेल्या. दाट अर्काची बाटली नेली, आपण काय घोळ घातला तेही सांगितलं. मास्तर ऐकत होते. मधेच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसतायत की रडतायत ते आम्हाला कळेना. त्या दिवशी तीन बोटं दाखवून त्यांना नेमकं तेच म्हणायचं होतं, की जो एकच शब्द तोंडात उरला होता तो योगायोगानं जुळला, हे वन्संनी विचारलं नाही. विचारून कळणारही नव्हतं. निघताना काकूंनी दारात सांगितलं, "राग मानू नका, पण काही दिवस येऊ नका. तुम्ही गेलात की दोन दिवस ते झोपत नाहीत. कारखान्याच्या बाजूला बघत बसतात." वन्संनी राग मानला नाही. पण परतताना रस्ता ओलांडायलाही त्यांना माझा हात धरावा लागला.

काढणी त्यांच्याकडेच राहिली. फाइलीतलं ते पान त्यांनी पैलवानाला समोर बसवून नव्यानं लिहिलं. तो सांगायचा, त्या लिहायच्या, मग दोघं भांडायचे. एकदा गाळणीच्या कापडावरून दोन दिवस अबोला होता. शेवटी त्या बरोबर निघाल्या, आणि तरी माफी त्यांनीच मागितली. काळजी काही गेली नाही. रोज सकाळी सात वाजता त्या पैलवानाला फोन करून शीतखोलीचं तापमान विचारतात. पैलवानाची बायको म्हणते, माझ्या नवऱ्याच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द निघतो तो 'चार अंश, बाई'.

काकूंनी नको म्हटल्यावर वर्षभर गेलं असेल. एका दुपारी कारखान्याच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि काकू मास्तरांना धरून उतरवताना दिसल्या. हातात काठी, उजवा पाय ओढत, पण चालत. कोणाकडे न बघता ते अंगण ओलांडून थेट काढणीच्या खोलीत गेले. वन्संनी खुर्ची पुढे केली, बसले नाहीत. शीतखोलीत डोकावले. दाबयंत्राशी आले. पैलवान नुकताच पिशव्या बांधून चाकाला हात घालत होता. मास्तरांनी एक पिशवी काठीच्या टोकानं दाबून बघितली, दुसरी दाबली, आणि तीच काठी पैलवानाच्या नडगीवर हाणली. गाठ सैल होती.

वन्सं धावल्या, आणि दोघांनी मिळून सगळ्या पिशव्या सोडून पुन्हा बांधल्या. मास्तर काठीवर रेलून बघत उभे होते.